कायदे एवढे कडक, मग दहशतवादाच्या केसेस कोर्टात का पडतात?

लोकलवाला
मंडळी, शांत डोक्याने चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय, प्लीज हिंदू-मुसलमान आखाडा करू नका. जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांत दोन निकाल आले. २१ तारखेला हायकोर्टाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटातले बाराच्या बारा जण सोडले (खालच्या कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली होती) आणि ३१ ला एनआयए (केंद्राची दहशतवाद तपास यंत्रणा) कोर्टाने मालेगाव २००८ चे सातही आरोपी सोडले. एकीकडे १८० च्या वर माणसं गेली, दुसरीकडे ६, आणि हे केलं कुणी याचं उत्तर कागदावर आज शून्य. दहशतवादाविरुद्ध टाडा झाला, संघटित गुन्हेगारीविरुद्ध राज्याचा मकोका झाला, पोटा आला नि गेला, २६/११ नंतर एनआयए काढली, यूएपीए (केंद्राचा दहशतवादविरोधी कायदा) तर किती वेळा कडक केला. सरकार नक्की कुठे कमी पडतंय?

काळा_कोट
कायद्यात नाही हो, तपासात. मकोकाचं कलम १८ बघा, एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो. एरवी पोलिसांसमोरची कबुली चालत नाही, यूएपीएतही नाही. आता एवढी सोय हातात असल्यावर बाकीचे पुरावे गोळा करायला उन्हात कोण फिरणार? लोकलच्या केसमध्ये हायकोर्टाने त्या कबुल्याच नाकारल्या, मारहाण करून घेतल्या म्हणून. टॅक्सीवाले साक्षीदार स्फोटानंतर शंभर दिवस उलटल्यावर उगवले, ओळखपरेड ज्याने घेतली त्याला तो अधिकारच नव्हता, आणि बॉम्ब कुठल्या प्रकारचा होता हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. १९ वर्षांनी हे!

उलट कसाबचं बघा. जिवंत पकडलेला, फोटो, सीसीटीव्ही, नजरेने बघितलेले साक्षीदार. मे २०१० ला शिक्षा, नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी मात्र सुटले, कारण त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडलेला नकाशा, आणि त्यावर रक्ताचा एक डाग नाही.

खरं_ते_बोलतो
कोर्टबाजी कशाला पाहिजे, पकडला की उडवा. इस्रायल बघा.

मालेगावची_सून
@खरं_ते_बोलतो, उडवा म्हणजे कुणाला? मालेगावात २००६ ला पण स्फोट झाला होता, ते लोक विसरतातच. तेव्हा एटीएसने (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) नऊ मुसलमान पकडले, बरेचसे आमच्याच गावातले, सीबीआयने पण त्यांच्यावरच बोट ठेवलं, ते पाच वर्षं आत होते, मग एनआयए आली आणि म्हणाली हे नव्हेत, दुसरेच लोक आहेत. २०१६ ला कोर्टाने त्यांना केसमधून मोकळं केलं. उडवले असते तर?
२००८ च्या केसचं तेच पण उलट्या दिशेनं. एटीएस मकोका लावते, एनआयए २०१६ ला तोच मकोका काढून घेते, पुढे खटल्यात तीसच्या वर साक्षीदार फितूर. कुठल्या धर्माचे आरोपी आहेत त्यावर टाळ्या आणि शिव्या ठरतात, दोन्ही वेळेला मेलेली माणसं आमचीच.

दर्याकिनारी
मला थोडं वेगळं बोलायचंय. जे स्फोट झालेच नाहीत त्यांची बातमी होत नाही. ९३ ला आरडीएक्स आणि हत्यारं रायगडात शेखाडी, दिघीला उतरली तेव्हा कस्टमवाले पैसे खाऊन गप्प बसले, २६/११ ला अतिरेक्यांनी पळवलेली कुबेर बोट थेट मुंबईपर्यंत आली. आता मच्छीमारांना ओळखपत्र आहे, सागरी सुरक्षा दल आहे, किनारा सुरक्षेचा सागर कवच सराव होतो. गस्तीच्या बोटी बंद पडलेल्या असतात ते वेगळं 😅 पण काहीच केलं नाही असं नाही. कल्याणची चार पोरं २०१४ ला आयसिसमध्ये जायला इराकला गेली त्यानंतर एटीएसवाले अशा पोरांच्या घरी जाऊन आईबापांशी बोलायला लागले, मौलवींना मधे घेतलं, माझ्या मते ते काम यूएपीएच्या दहा कलमांपेक्षा जास्त कामाचं आहे.

लोकलवाला
पटतंय, पण पोरं परत आणायला वेगळी माणसं लागतात आणि स्फोटानंतर पुरावा गोळा करायला वेगळी. दुसऱ्या कामाला आपल्याकडे फॉरेन्सिकवाले तरी पुरेसे आहेत का? आणि काळा कोट, लोकलच्या निकालावर सुप्रीम कोर्टाने स्टे दिला ना?

काळा_कोट
अर्धवट. सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही, फक्त तो निकाल दुसऱ्या मकोका केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायचा नाही. तिथे राज्य सरकार तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाकडून स्टे घेऊन आलं. मालेगावच्या निकालाविरुद्ध मात्र गेलेल्यांच्या घरचेच हायकोर्टात गेलेत.