ओझोनचा खरा वैरी कोण, एसीवाला?

निवांत_ठाणेकर
१६ सप्टेंबरला सगळीकडे ओझोन दिनाच्या शुभेच्छा. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत एसी हलवायला आलेल्या माणसाने पान्हा लावला, नट सैल केला आणि फुस्सकन सगळा गॅस गच्चीवर सोडून दिला. वर मलाच म्हणतो, "काका, बाजूला व्हा."
माझं स्पष्ट मत : आज ओझोनचा वैरी कारखानदार नाही, एसीवाला आहे. गॅस सोडताना सापडला की लायसन रद्द करा, दंड ठोका.

फ्लेअरनट
कुठलं लायसन हो? आमच्या धंद्यात गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर) आणि पान्हा विकत घेतला की झाला मेकॅनिक. रद्द काय करणार, पान्हा?
मी डोंबिवलीत दुकान चालवतो. त्या माणसाची बाजू घेत नाही, पण हिशेब ऐका. एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन पदरचं, रिकामा सिलिंडर, वजनकाटा, आणि गॅस ओढायला लागणारा वेळ वेगळा. ह्याचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, "शेजारी आलेला चारशे कमी घेतो." घेणारच. तो गॅस हवेत सोडतो आणि व्हॅक्यूमसुद्धा (नळीतली हवा ओढून काढणं) जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने मारतो.
आणि कारखानदार धुतल्या तांदळासारखा कधीपासून झाला? १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसीतला, म्हणजे तेव्हाच्या फ्रिजमधल्या गॅसमधला, क्लोरीन ओझोन खातो असं मांडलं, तेव्हा त्यांच्यावर तुटून पडल्या त्या कंपन्याच. आमच्या आधीच्या पिढीला आर-१२ हा तसलाच सीएफसी विकला तो "सगळ्यात सुरक्षित गॅस" म्हणून. आता बिल मात्र आमच्या नावावर.

आयटीआय_सर
दोघेही जरा थांबा. गॅस कुठला होता ते कुणी विचारलंच नाही. जुन्या एसीतला आर-२२ असेल तर ओझोनला धोका आहे. नव्यातला आर-४१० किंवा आर-३२ असेल तर ओझोनला शून्य. पण म्हणून सोडायला मोकळीक नाही. पाऊण किलो बत्तीस सोडला म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबात पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.
आणि फ्लेअरनट, हिशेब अर्धाच सांगितलात. एसी हलवताना रिकव्हरी मशीन लागतंच कुठे? एसी चालू ठेवायचा, बाहेरच्या युनिटचा बारीक व्हॉल्व्ह एलन की ने बंद करायचा, गेजचा काटा शून्याकडे आला की जाडा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच स्विच बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये. चार-पाच मिनिटांचं काम, खर्च काही नाही. पोरांना पहिल्या सहामाहीत शिकवतो हे.

निवांत_ठाणेकर
ऐका! म्हणजे फुकटात होणारं कामही केलं नाही. आणि म्हणे गिऱ्हाईक पैसे देत नाही.

फ्लेअरनट
कॉम्प्रेसर चालू असेल तर तुम्ही सांगितलेला हा पंप डाऊन होतो, सर. जळलेला असेल तर? बाकी मान्य, चालू मशीनचा पंप डाऊन न करणारा माझ्या दुकानात टिकत नाही. झालं समाधान?

कोकणकन्या_७१
ओझोन राहू दे बाजूला. दर उन्हाळ्यात "ताई, गॅस कमी झालाय" हे काय प्रकरण आहे ते सांगा आधी. गेल्या वर्षी भरला, यंदा पुन्हा भरला, अडीच हजार गेले. गॅस काय पेट्रोल आहे संपायला?

फ्लेअरनट
ताई, गॅस संपत नाही, गळतो. बंद नळीतून तोच फिरत असतो. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे लीक आहे आणि तो कुणी शोधलाच नाही. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला तिथे ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने तापवून सांधायचं. घर खाडीच्या किंवा नाल्याच्या बाजूला आहे का? सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो वायू तांबं खातो. कॉइल काळी पडते, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

कोकणकन्या_७१
नाला खिडकीखालीच आहे. मग हे दोन वर्षांत एकानेही का सांगितलं नाही?

वाकडेबोट
कारण लीक काढला तर पुढच्या उन्हाळ्यात कुणाकडे जायचं? हाच खरा धंदा. ओझोन गेला उडत.

फ्लेअरनट
वाकडेबोट, तुमचं आउटडोअर कुठे लावलंय हो? सातव्या मजल्यावर ग्रिलच्या बाहेर, पुढे मागे जागा नाही, असंच ना? लीक शोधायला एक पाय ग्रिलवर, एक हवेत, कमरेला पट्टा नाही, आणि आतून आवाज, "किती वेळ लागेल? मला मीटिंग आहे." तिथे लटकून फेस लावून दाखवा, मग आम्हाला चोर म्हणा. आमच्या ओळखीचा एक पोरगा असाच पडला. वाचला, पण धंदा सोडला.

निवांत_ठाणेकर
ग्रिलचा मुद्दा सोसायटीच्या मीटिंगला घेईन. पण पोरांना पट्टा देणं तुम्हा दुकानमालकांचं काम नाही का?

फ्लेअरनट
पट्टा अडकवायला भिंतीत हूक लागतो. तो बिल्डरने ठेवलाय का ते बघा आधी.

वाकडेबोट
मूळ विषयावर : ओझोनचं भोक बुजतंय, २०६६ च्या सुमारास अंटार्क्टिकावरही १९८० सारखं होईल म्हणतात. मग एवढा आटापिटा कशाला? आणि आता एसीत प्रोपेन भरतायत, पेट घेणारा गॅस. घरात एक बॉम्ब कमी होता.

आयटीआय_सर
ओझोन खाणारे गॅस थांबवणाऱ्या १९८७ च्या जागतिक माँट्रियल करारामुळे नळ बंद झाले म्हणून बुजतंय, आपोआप नाही. आपल्याकडे आर-२२ वर नवीन मशीन बनवणं २०२४ अखेर थांबलं, पण घराघरांत जुनी चालूच आहेत, त्यांना २०३० नंतरही थोडा गॅस लागणार. बॉम्बचं म्हणाल तर दीड टनाच्या एसीत अर्ध्या किलोपेक्षा कमी प्रोपेन असतो. तुमच्या ओट्याखाली १४.२ किलोचा सिलिंडर आहे. शिरवळला गोदरेजने २०१२ पासून असे एसी काढलेत. भीती मशीनची कमी, न शिकता त्याला ब्रेझिंगची टॉर्च लावणाऱ्याची जास्त.

निवांत_ठाणेकर
बरं, सगळे गॅसवाले संत आहेत, ठरलं. दंड हवाच, हे मत कायम.

आयटीआय_सर
दंड लावा, पण ओढलेला गॅस द्यायचा कुठे तेही सांगा. शुद्ध असेल तर त्याच मशीनमध्ये परत भरता येतो. आमच्या वर्कशॉपमध्ये २२ आणि ४१० मिसळलेले सिलिंडर पडून आहेत. डीलर हात लावत नाही, भंगारवाला म्हणतो रिकामा करून द्या. नाशिकच्या आसपास कुणी घेत असेल तर कळवा, टेम्पोचं भाडं मी देतो.