टूर द फ्रान्स फाम २०२४: शेवटचा टप्पा जिंकूनही व्होलरिंग दुसरी कशी?

नवखा_पेडल: महिलांच्या या सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याचं रेकॉर्डिंग आत्ता पाहिलं. डेमी व्होलरिंग ग्लांदोनच्या घाटातच निसटली, आल्प द्युएझवर पहिली आली, आणि एकूण आघाडीची पिवळी जर्सी चौथ्या आलेल्या कासिया नेव्हियादोमाला! तेही ४ सेकंदांनी. हे गणित कुणी सांगेल का? संघानंच डेमीला वाऱ्यावर सोडलं म्हणतात, ते खरं का?

घाटवेडी: निकाल आठही टप्प्यांच्या एकूण वेळेवर लागतो. त्या सकाळी कासिया १ मिनिट १५ सेकंद पुढे होती. डेमीनं रस्त्यावर १ मिनिट १ सेकंद वसूल केला, पहिली आल्याचा बोनस म्हणून आणखी १० सेकंद तिच्या वेळेतून वजा. उरले ४.

पण माझ्या मते जर्सी गेली ती पाचव्या टप्प्यात, आमनेविलच्या अलीकडे. पिवळी जर्सी अंगावर असताना डेमी पडली, सहाएक किलोमीटर बाकी होते. शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडणाऱ्यांना सपाट टप्प्यात घोळक्याचाच वेळ देतात, ही त्याच्या बाहेर. १ मिनिट ४७ सेकंद गेले. त्यात कासिया त्या दिवशी दुसरी आली, म्हणजे ६ सेकंद बोनस. तो नसता तर डेमी २ सेकंदांनी जिंकली असती! आणि टप्पा कुणी जिंकला? ब्लांका वाश, डेमीच्याच संघाची. कॅप्टन मागे धडपडतेय आणि पुढे आपलीच पोरगी हात वर करतेय, हे मला आजही पचत नाही.

चेन_उतरली: घाटवेडीताई, संघावर जरा जास्तच राग काढताय. त्या घाईगडबडीत पुढच्यांना मागचं कितपत कळलं असेल? आणि कासियाला फुकट काही मिळालं नाही. आल्प द्युएझ म्हणजे साधारण १४ किलोमीटर, सरासरी ८ टक्के चढ. इतक्या कमी वेगात वारा चुकवायला दुसरीच्या चाकामागे लपून फारसा फायदा होत नाही, आपल्याच पायांवर चढावं लागतं. पाउलिना रॉयाकर्सलाही विसरू नका, ती कासियापेक्षा जेमतेम १० सेकंद मागे राहून एकूण निकालात तिसरी.

घाटवेडी: पाउलिनाचं मान्य. ती डेमीच्या चाकाला चिकटून होती, आणि का नसावी, तिलाही जर्सी दिसत होती. संघाचं म्हणाल तर डेमी २०२५ ला एफडीजे-स्वेझ संघात गेली आणि त्या वर्षीच्या टूरमध्येही दुसरीच आली, पोलिन फेराँ-प्रेव्होच्या मागे. तेव्हा सगळं खापर जुन्या संघावर नको, एवढं कबूल. पण वाशच्या त्या विजयाला टाळ्या मी वाजवणार नाही.