ओपन रेल्ससाठी छोटा ट्रॅम रूट, कोपऱ्यावर आणि लूपवर अडकलोय

रूळवेडा_२
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय. ओपन रेल्स या ट्रेन सिम्युलेटरसाठी टीएसआरई या रूट बनवायच्या एडिटरमध्ये एक छोटा ट्रॅम रूट बनवतोय, काल्पनिक गाव आहे, ३ किमी लांबी, सिंगल लाइन, टोकाचे धरून ८ स्टॉप, आणि मध्ये दोन पासिंग लूप (समोरासमोरच्या ट्रॅम एकमेकींना ओलांडतात ते जोडरूळ), एक १ किमीवर आणि दुसरा २ किमीवर. मला वाटलं होतं छोटा आहे तर महिनाभरात उरकेल, पण मोठी रेल्वे लाइन परवडली असं झालंय.

अडचणी अशा की
रस्त्याच्या काटकोनी कोपऱ्यावर ट्रॅम वळवली की ती सरळ कोपऱ्यावरच्या घरात घुसते. दुसरं म्हणजे रस्ता आणि रूळ एकाच उंचीवर ठेवले तर दोन्ही एकमेकांत लुकलुकतात, रूळ वर घेतले तर हवेत तरंगल्यासारखे दिसतात. आणि तिसरी खरी डोकेदुखी, ३ ट्रॅम दर १० मिनिटांनी सोडतोय, पहिल्या दोन फेऱ्या ठीक जातात, मग पहिल्या लूपवर गर्दी व्हायला लागते आणि सगळं टाइमटेबल घसरत जातं. लूप तर अगदी समान अंतरावर टाकलेत, मग असं का होतंय? शिवाय टोकाला ट्रॅम फिरवायला गोल लूप टाकू की नुसता बंद रूळ, तेही सांगा.

घंटी_वाजव
आधी कोपऱ्याचं बघू. एडिटर बंद कर आणि चौकोनी वहीचं पान घे, खरंच सांगतोय. काटकोनी वळण २५ मी त्रिज्येचं घेतलंस तर ट्रॅम चौकाच्या मध्यबिंदूच्या २५ मी आधीच वळायला लागते आणि पलीकडे २५ मी गेल्यावर सरळ होते, म्हणजे वळणाची लांबी साधारण ३९ मी. तुझा रस्ता १० मी रुंद असेल तर रूळ आतल्या कोपऱ्यावरच्या घरातूनच जाणार, दुसरं काय होणार. म्हणून खऱ्या ट्रॅम लाइनवर बऱ्याचदा वळणाआधी रूळ रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला सरकवतात, मग वळतात, किंवा तो कोपरा तिरपा छाटलेला असतो. तू दोन्ही कर, गाव तुझंच आहे, घर मागे सरकव की.

स्पीड बोर्ड पण लाव. २५ मी त्रिज्येवर १५ किमी वेगाने बाजूचा झटका ०.७ मी प्रति सेकंद वर्गाच्या आसपास येतो, तो चालतो. तिथंच २५ किमी वेगाने गेलास तर १.९ होतो, उभे असलेले पॅसेंजर एकमेकांच्या अंगावर. रस्त्यातल्या रुळांना बाहेरच्या बाजूने उचलता येत नाही कारण वरून गाड्या जातात, त्यामुळे तसं उचलण्याचा, म्हणजे सुपरएलिव्हेशनचा, ऑप्शन बंदच ठेव. आणि सरळ रुळाला एकदम २५ मी त्रिज्येचा तुकडा जोडू नकोस, आधी थोडा ५० मी त्रिज्येचा दे, बघायला पण बरं वाटतं आणि कॅमेरा झटका मारत नाही.

अजून एक, कोपऱ्यावर डबल लाइन करायचा मोह झाला तर आवर. १२ मी लांबीची ट्रॅम, बोगींमध्ये (डब्याखालच्या चाकांच्या दोन जोडगाड्यांमध्ये) ६ मी अंतर धरलं तर २५ मी त्रिज्येवर तिची टोकं बाहेरच्या बाजूला अर्ध्या मीटरहून जास्त निघतात आणि पोट आत १८ सेमी जातं. दोन ट्रॅम शेजारी आल्या की एकमेकींतून आरपार जाताना दिसतील. सिम्युलेटरला त्याचं काहीच वाटत नाही, आपल्याला वाटतं.

निशाचर
लुकलुकण्याचं मी सांगतो, मी त्यात दोन आठवडे घालवलेत. दोन पृष्ठभाग जवळजवळ एकाच उंचीवर आले की ग्राफिक्स कार्डला कळत नाही कोणता वर दाखवायचा, आणि जितक्या लांबून बघशील तितकं जास्त लुकलुकतं. २ सेमी ५ सेमी असं वर करत बसू नकोस. ज्या तुकड्यांत रूळ आणि रस्त्याचा पृष्ठभाग एकाच शेपमध्ये (३डी मॉडेलमध्ये) आहे तेच वापर, म्हणजे खाली वेगळा रस्ता लागतच नाही. गाड्या फिरवायच्या असतील तर त्या जागी अदृश्य रस्त्याचे तुकडे टाक आणि त्यावर कार स्पॉनर (आपोआप गाड्या सोडणारा) लाव.

पण एक लक्षात ठेव, स्पॉनरच्या गाड्या लेव्हल क्रॉसिंगवर थांबतात, बाकी त्यांना ट्रॅम दिसत नाही, सरळ आरपार जातात. म्हणून मी ट्रॅमच्या लेनवर स्पॉनर टाकतच नाही, फक्त बाजूच्या लेनवर, आणि आडव्या रस्त्यांवर प्रत्येक ठिकाणी क्रॉसिंग. फाटकाचा शेप नाही लावला तरी गाड्या थांबतात.

वायरबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशीलच. रूटच्या फाइलमध्ये वायरची उंची आणि व्होल्टेज असतं ते आधीच भरून घे, ट्रॅमला ६०० किंवा ७५० व्होल्ट डीसी, उंची साधारण साडेपाच मीटर. ऑटोमॅटिक वायर वळणावर रुळासारखीच गोल वाकते जे खोटं दिसतं, खरी वायर खांबापासून खांबापर्यंत सरळच जाते. मी ती बंद करून खांब आणि वायर हाताने लावतो. वेड आहे, मान्य आहे.

पॉइंट्समन
लूपचं कोणी बोललं नाही अजून, आणि खरी गोम तिथंच आहे. मित्रा, तू लूप समान *अंतरावर* टाकलेस, ते वेळेवर टाकायचे असतात. आणि वेळसुद्धा समान नको, कसं ते बघ.

मधला टप्पा, म्हणजे लूप ते लूप, तिथून १० मिनिटांत एक ट्रॅम इकडून आणि एक तिकडून जायला हवी. म्हणजे एका बाजूचा वेळ ५ मिनिटांच्या आत. टोकाच्या टप्प्यात मात्र तीच ट्रॅम आत जाते, टोकाला थांबते आणि परत येते, आणि तोवर दुसरी आत सोडता येत नाही. म्हणजे दोन वेळा धाव अधिक टोकाचा थांबा, हे सगळं १० मिनिटांच्या आत. म्हणून टोकाचे टप्पे मधल्यापेक्षा छोटेच लागतात. बरेच जण इथं फसतात, मीही फसलोय.

समज टोकाचे टप्पे अडीच अडीच मिनिटांचे आणि मधला ४ चा. टोकाला ४ मिनिटं थांबायचं, प्रत्येक लूपवर १ मिनिट वाट बघायची. मग पहिल्या लूपपासून टोकाला जाऊन परत त्याच लूपवर ९, अधिक लूपवरचं १, झाले १०. मधला टप्पा ४ अधिक लूपवरचं १, झाले ५. पूर्ण चक्कर १०, ५, १०, ५ म्हणजे ३० मिनिटं, आणि ३ ट्रॅममध्ये बरोबर दर १० मिनिटांनी सर्व्हिस. घड्याळासारखं चालतं.

आता तू एक काम कर, एक एकटी ट्रॅम चालव, प्रत्येक स्टॉपवर २० सेकंद थांब, आणि तिन्ही टप्प्यांचे वेळ लिहून इथं टाक. अंदाजे नको, घड्याळ लावून.

लूप शक्यतो स्टॉपवरच घे म्हणजे वाट बघणं आणि पॅसेंजर चढणं एकाच वेळी उरकतं. लूप सरळ रुळावर असू दे. दोन्ही दिशांचे पाथ (ट्रॅमचे ठरवून दिलेले मार्ग) वेगळ्या बाजूने काढ आणि लूपच्या दोन्ही तोंडांशी सिग्नल ठेव. खरी ट्रॅम बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरच्या नजरेवर चालते हे मला माहितीये, पण सिम्युलेटर स्वतः चालवतो त्या एआय ट्रॅमला नजर नसते. सिग्नल दिसायला नको असेल तर शेप छोटा घे.

तिसरी_घंटा
मी म्हणेन हे सगळं सोड आणि ट्रेन्झ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये बनव, तिथं रूळ ओढला की वाकतो, तुकडे जोडत बसावं लागत नाही. ट्रॅमसाठी तर ते फारच सोपं.

निशाचर
झालं सुरू. अहो त्याने ओपन रेल्सचं विचारलंय. ट्रेन्झमध्ये रूळ लवकर वाकतो हे खरं, पण पॉइंट्समनने सांगितलेला हिशोब तिथंही चुकणार नाहीये.

तिसरी_घंटा
बरं बाबा, माघार. टोकाचं तरी सांगतो. गोल लूप घ्यायचा तर २० मी त्रिज्येला ४० मी व्यासाची मोकळी जागा पाहिजे, वर ट्रॅमच्या बाहेर निघणाऱ्या टोकांसाठी थोडी अजून. गावाच्या मधोमध एवढा चौक असेल तर मस्त दिसतो. एकाच टोकाला कॅब आणि एकाच बाजूला दरवाजे असलेली ट्रॅम असेल तर ती फिरवायला गोल लूप किंवा त्रिकोणी रूळ लागतोच. तुझी ट्रॅम दोन्ही टोकांना कॅबवाली असेल तर बंद रूळ घे, सोपं काम. टाइमटेबलमध्ये आलेल्या ट्रॅमची पुढची ट्रॅम होते ती फॉर्म्सची कमांड आहे ना, ती डिस्पोजच्या (फेरी संपल्यावर ट्रॅमचं काय करायचं त्या) ओळीत टाकायची, नाहीतर टोकाला ट्रॅम गायब होते आणि तू शोधत बसतोस.

रूळवेडा_२
कॅब दोन्हीकडे आहे, म्हणजे बंद रूळ. गायब होण्याचं बरोबर ओळखलंत, परवा तेच शोधत होतो 😀

वेळ मोजले. पहिलं टोक ते पहिला लूप ४ मिनिटं १० सेकंद, मधला २ मिनिटं ४० सेकंद, शेवटचा २ मिनिटं ३० सेकंद. पहिल्या किमीतच दोन्ही काटकोनी कोपरे आहेत आणि स्टॉपही तिथंच जास्त आहेत म्हणून एवढा फरक. टोकाला ३ मिनिटं थांबतोय.

पॉइंट्समन
मग उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे. ४:१० दोनदा म्हणजे ८:२०, अधिक ३, झाले ११:२०. दर १० मिनिटांनी एक ट्रॅम आत ढकलतोयस आणि तिला ११:२० लागतायत, म्हणजे प्रत्येक ट्रॅममागे १ मिनिट २० सेकंदांचा उशीर साठत जातो. एआयचा दोष नाही. शेवटचा टप्पा एकदम छान आहे, त्याला हात लावू नकोस. पहिला लूप टोकाकडे सरकव, दुसऱ्या कोपऱ्याच्या अलीकडे जो स्टॉप असेल तिथं.

रूळवेडा_२
सरकवला. ६०० मीटरवर स्टॉप होता तिथं लूप केला, जुन्या जागी पॉइंट (रूळ फुटतो तो तुकडा) काढून सरळ रूळ टाकला. आता पहिला टप्पा २:३५, मधला ४:१५, शेवटचा २:३० तसाच. टोकाला ४ मिनिटं ठेवली. रात्री दोन तास चालू ठेवून झोपलो, सकाळी बघितलं तर तिन्ही ट्रॅम वेळेवर, दोन्ही लूपवर एकमेकींना पास करतायत. बघत बसलो होतो नुसता.

कोपऱ्यावरचं घर ३ मी मागे घेतलं, कोपरा छाटला. रस्ता आणि रूळ एकत्र असलेले तुकडे लावतोय पण नव्या लूपच्या पॉइंटसाठी तसा तुकडा सापडत नाहीये, तिथं काय करता तुम्ही?

निशाचर
पॉइंटचा साधा तुकडा घे आणि मधल्या जागेत फरशीचा वेगळा शेप भर, रुळाच्या माथ्याच्या थोडा खाली. माझ्याकडे एक बनवलेला आहे, पण त्याचं टेक्स्चर तुझ्या रस्त्याशी जुळेलच असं नाही. स्क्रीनशॉट टाक आधी.