लेकीच्या पदवीसाठी निवृत्तीची पुंजी मोडावी का?

धागाकर्ती: मुलगी यंदा विद्यापीठात जाईल. चार वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तकं धरून जो आकडा येतो, त्याच्या निम्मेच पैसे आम्ही तिच्यासाठी साठवू शकलो. उरलेले माझ्या निवृत्तीच्या पुंजीतून काढू, असं नवऱ्याचं म्हणणं. माझा विरोध आहे. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कोण देणार? शिवाय ८ टक्क्यांनी वाढणारा पैसा ९ वर्षांत दुप्पट होतो आणि माझ्या निवृत्तीला तेवढीच वर्षं उरली आहेत. आज जेवढं मोडेन, त्याच्या दुप्पट तेव्हा कमी पडेल. कर्ज तिच्या नावावर काढावं, असं मला वाटतं. तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. मी कर्ज काढून शिकलो. व्याज १० टक्के. शिकताना हप्ता नव्हता, पण व्याज मुद्दलात जमत होतं. घेतलेल्या १०० चे चार वर्षांत १४६ होतात, आणि फेड त्यानंतर सुरू! शेवटच्या वर्षी मला संशोधनाची एक जागा मिळत होती. विद्यावेतन इतकं कमी होतं की हप्ताच निघाला नसता. सोडली. जी नोकरी पत्करली, तिचं कारण फक्त पगार. आईबाबांनी थोडी झळ सोसली असती तर मी आज वेगळ्या कामात असतो. हे त्यांना मी कधी बोललो नाही.

प्रतिसाद २: अनुभव खराच आहे, पण १४६ हा आकडा सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली तर. साधारणपणे कर्ज वर्षागणिक मिळतं. दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलले, तर चार वर्षांअखेर साधारण १२८ होतात. आणि ताई, मधला मार्ग इथेच आहे: मुद्दल मुलीचं, शिकत असतानाचं व्याज तुमचं. पहिल्या वर्षी २.५, मग ५, मग ७.५, शेवटी १०. एकूण २५. ती बाहेर पडेल तेव्हा डोक्यावर फक्त १०० असतील. एवढं चालू पगारातून निघत असेल, तर पुंजीला हात लावायची गरज नाही. मात्र कर्ज घेतानाच विचारून घ्या, अधूनमधून व्याज भरलेलं चालतं का.

प्रतिसाद ३: धाकटं भावंड आहे का? थोरलीसाठी पुंजी मोडली की धाकट्याच्या वेळी हात रिकामे. आमच्याकडे तसंच झालं, आणि तो सल अजून आहे.

प्रतिसाद ४: कर्ज मुलीच्या नावावर म्हणता, पण जामीनदार कोण राहणार? बहुतेक वेळा आईवडीलच. तिला वेळेवर नोकरी लागली नाही तर हप्ता तुमच्याच दारी येईल, तोही उत्पन्न थांबायच्या सुमारास. पुंजी वाचली असं समजू नका. सही करण्याआधी वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवता येतात का बघा. नसतील येत, तर स्वस्त अभ्यासक्रमाचा विचार करा. कटू वाटेल, पण बोलायलाच हवं.

धागाकर्ती: जामिनाचं डोक्यातच आलं नव्हतं. धाकटा नाही, एकुलती एक आहे. व्याज आम्ही भरायचं, हे नवऱ्यालाही पटेलसं वाटतं. पण पुंजी मोडायची नाही, यावर मी ठाम आहे. उद्या माझा भार तिच्यावर पडला, तर तेही एक कर्जच की.

प्रतिसाद १: ताई, भार पडू नये हे मान्य. पण तुम्ही दोघांनी ठरवलंत, तिला विचारलंत का? मला आकडा कळला तो सही करताना. अठरा वर्षांचा होतो, आधी कळला असता तर शिष्यवृत्तीचे अर्ज तरी भरले असते. मुदती निघून गेल्या होत्या.

धागाकर्ती: नाही विचारलं. तिच्या अर्जांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. आज रात्रीच हिशोबाची वही तिच्यापुढे ठेवते.