आग लागली, पण पुस्तके भिजली : केपटाउन विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमके काय केले?

खाडीकाठ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी कोकणातील नदीकाठच्या एका गावी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी पुराचे पाणी आमच्या तळमजल्यावर कमरेएवढे चढले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही जे केले ते आज सांगतानाही संकोच वाटतो. पावसाळ्यात ऊन कुठले मिळणार, म्हणून हाताला लागली ती पुस्तके वर्गांमध्ये पंख्याखाली पसरली. खालच्या फळ्यांवरची फुगून इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात, म्हणून ती सवडीने पाहू असे ठरले. चौथ्या दिवशी बुरशीचा वास जिन्यापर्यंत येऊ लागला. पुढे पंचनामा झाला, निर्लेखनाचा (नोंदीतून कमी करण्याचा) ठराव झाला आणि टेम्पो भरून रद्दी गेली. कोणती पुस्तके गेली याची यादीसुद्धा पूर्ण झाली नाही, कारण दाखल नोंदवही त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती.

आता प्राचार्यांनी आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा मागितला आहे. जे नमुने मिळाले त्यांत अग्निशामक नळकांडी, दूरध्वनी क्रमांक आणि बाहेर पडण्याच्या मार्गाचा नकाशा आहे, पुस्तकांविषयी एखादी ओळ आहे. शोध घेताना दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयाच्या आगीविषयी वाचनात आले. तेथे आग लागली असूनही नंतरचे बहुतेक काम भिजलेले साहित्य वाचवण्याचे होते, असे दिसते. हे कसे झाले, विद्यापीठाने आरंभीच्या दिवसांत कोणत्या क्रमाने काय केले, आणि त्यातले तीन माणसांच्या ग्रंथालयाला जमण्याजोगे काय आहे, हे कोणी समजावून सांगेल का?

कागदकाम

नमस्कार ताई. मी हस्तलिखितांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे या घटनेकडे आमच्या क्षेत्रातील अनेकांप्रमाणे मीही बारकाईने पाहिले होते.

१८ एप्रिल २०२१, रविवार. टेबल माउंटनच्या रांगेतील डेव्हिल्स पीकच्या उतारावर, ऱ्होड्स स्मारकाच्या परिसरात वणवा भडकला. विद्यापीठाचा वरचा परिसर त्याच उताराला टेकून आहे. वाऱ्याने उडालेले निखारे इमारतींवर पडू लागले आणि जॅगर ग्रंथालयाच्या छताने पेट घेतला. १९३० च्या दशकातील वाचन दालन आगीत खाक झाले, त्याचे छत कोसळले. त्या दालनात आफ्रिका-अभ्यासाचा मुद्रित संग्रह होता, सुमारे ७०,००० ग्रंथ आणि पुस्तिका, त्यांतील बहुतांश जळून गेला. सुमारे ३,५०० आफ्रिकी चित्रपटांच्या डीव्हीडींचा संग्रहही गेला. त्यातल्या अनेक पुस्तिका स्थानिक चळवळींनी, छोट्या छापखान्यांनी काढलेल्या होत्या. अशा गोष्टींची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. आपल्याकडे एखाद्या तालुक्यातील सत्याग्रहाची पत्रके किंवा बंद पडलेल्या नियतकालिकाचे अंक गेले तर जे होईल, तेच तेथे झाले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. वाचन दालनाखाली तळघरांत हस्तलिखिते, अभिलेख आणि ग्रंथांचे मोठे भांडार होते. आगीची सूचना मिळताच खाली उतरणारी अग्निरोधक दारे तेथे बसवलेली होती, आणि ती उतरली. आग तळघरात गेली नाही. परंतु वरची आग विझवण्यासाठी जे पाणी मारले गेले, त्याला खाली जाण्यापासून कोणते दार अडवणार? ते तळघरांत साचले. म्हणजे दारांनी संग्रह आगीपासून वाचवला आणि मग तो पाण्यापासून वाचवण्याची वेळ आली. मोठ्या आगींत असे नेहमीच घडते, म्हणून आराखड्यात आग आणि पाणी यांची दोन स्वतंत्र प्रकरणे करू नयेत.

त्यानंतरची पहिली अडचण आपण सहसा विसरतो. इमारत कोसळण्याची भीती असते, त्यामुळे ग्रंथपाल दारात उभा असला तरी आत जाता येत नाही. अभियंत्यांनी इमारतीचा कोणता भाग सुरक्षित आहे हे सांगेपर्यंत थांबावे लागते, आणि तेवढ्यात खाली आर्द्रता वाढत असते. ओल्या कागदावर साधारण ४८ ते ७२ तासांत बुरशी धरते, दमट हवेत त्याहूनही लवकर. आपल्या चौथ्या दिवसाच्या वासाचे गणित हेच आहे.

आत जाता आल्यावर विद्यापीठाने आवारात मोठे तंबू उभारले, प्लास्टिकचे हजारो क्रेट आणले आणि स्वयंसेवकांची साखळी लावून साहित्य बाहेर काढले. तंबूत त्याची वर्गवारी झाली. जे कोरडे होते ते तात्पुरत्या भांडारात गेले, जे दमट होते ते हवेवर वाळवण्यास घेतले आणि जे चिंब भिजले होते ते आवारातच आणून ठेवलेल्या शीतपेट्यांत (मोठ्या शीत कंटेनरांत) गोठवण्यास गेले. पुस्तके गोठवतात हे ऐकून प्रथम हसू येते. पण गोठवण्याने पुस्तक सुधारत नाही, फक्त घड्याळ थांबते. बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, गुळगुळीत आर्ट पेपरची पाने एकमेकांना डिंकासारखी चिकटत नाहीत. मग सहा महिन्यांनी, वर्षाने, जशी माणसे आणि पैसा उपलब्ध होईल तशी थोडी थोडी पुस्तके काढून वाळवता येतात. साधन असेल तर निर्वात कक्षात गोठलेल्या बर्फाची थेट वाफ करून वाळवतात, त्यात कागद पुन्हा ओला होतच नाही.

माझ्या मते तेथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र शीतपेटी नव्हे. कोणता क्रेट कोणत्या मांडणीतून आला याची नोंद वाळवण्याच्या आधी होणे, ही आहे. अभिलेखाच्या एका खोक्यातील कागद दुसऱ्यात मिसळले की ते कोरडे होऊनही निरुपयोगी होतात. ब्लीक आणि लॉइड या भाषा-अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात टिपलेल्या, दक्षिण आफ्रिकेतील मूळ रहिवासी सॅन लोकांच्या कथांच्या वह्या या विद्यापीठाकडे आहेत. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत असलेला हा संग्रह सुखरूप राहिला. त्याचे अंकीकरणही (डिजिटल प्रती) आधीच झालेले होते.

निवृत्त ग्रंथपाल

वरील उत्तर नेमके आहे. त्याला पुराच्या दोन उदाहरणांची जोड देतो, कारण ताईंचा शत्रू पाणी हाच आहे.

२८ जुलै १९९७ च्या रात्री अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स या गावी ढगफुटीसारखा पाऊस झाला. काही भागांत ३१ तासांत साडेचौदा इंच पाऊस पडला, त्यात पाच माणसे दगावली. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाची तळघराची भिंत पाण्याच्या रेट्याने फुटली आणि जवळपास पाच लाख खंड बुडाले. त्यांत बांधणी केलेल्या नियतकालिकांचे जुने संच मोठ्या संख्येने होते. ही पुस्तके गोठवून, शीतवाहनांतून वाळवण्यासाठी पाठवण्यात आली.

मला त्या विद्यापीठाच्या प्रतिसादातील वेगळाच भाग मोलाचा वाटतो. खंड वाळून परत येईपर्यंत संशोधकांना लेख हवे होते. तेथील कर्मचाऱ्यांनी इतर ग्रंथालयांकडून लेखांच्या प्रती झपाट्याने मिळवण्याची एक संगणकीय व्यवस्था त्या गरजेतून घडवली. तिला रॅपिड असे नाव मिळाले, आणि पुढे ती इतर अनेक विद्यापीठांनी स्वीकारली. म्हणजे वाचकाला वाऱ्यावर न सोडणे हाही आपत्तीवरील प्रतिसादाचा भाग आहे. आपल्याकडे पंचनामा झाला की ग्रंथालय ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ होते, आणि ती पुढील सूचना परीक्षा संपल्यावर येते. ताई, शेजारच्या तालुक्यातील दोन महाविद्यालयांशी आंतर-ग्रंथालयीन देवघेवीचा साधा लेखी करार आजच करून ठेवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या हवाई बेटांवरील विद्यापीठाचे. ३० ऑक्टोबर २००४ रोजी मानोआ ओढ्याचे पाणी हॅमिल्टन ग्रंथालयाच्या तळमजल्यात घुसले. नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि शासकीय प्रकाशने यांचा संग्रह तेथेच होता. त्या वेळी तळमजल्यावर ग्रंथालयशास्त्राचाच वर्ग चालू होता, आणि विद्यार्थ्यांना खिडकी फोडून बाहेर पडावे लागले. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इतका जिवंत धडा दुसरा कोणी दिला नसेल. यातून एवढेच ध्यानात घ्यावे की जड वस्तू खाली, ही स्थापत्यशास्त्राची सोय आहे. दुर्मिळ वस्तू खाली, हा आपला आळस आहे.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत ग्रंथांचे मोठे नुकसान सोसले आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभे राहिले, हे आपणास ठाऊक असेलच. तेथील कार्यकर्त्यांशी अवश्य बोला. परदेशी अहवालांपेक्षा त्यांचा अनुभव आपल्या जवळचा आहे.

वसतिगृह

वरील दोन्ही मान्यवरांचा आदर राखून थोडे वेगळे सांगावेसे वाटते. मी ग्रंथपाल नाही, विद्यार्थी कल्याणाचे काम पाहते.

केपटाउनच्या घटनेची चर्चा नेहमी ग्रंथांपाशी थांबते. त्या रविवारी वसतिगृहांतून सुमारे ४,००० विद्यार्थ्यांना बाहेर काढावे लागले होते. अनेक जण अंगावरच्या कपड्यांनिशी डोंगर उतरले. त्यांची सोय शहरातील हॉटेलांत आणि इतर निवासांत करण्यात आली, आणि गिफ्ट ऑफ द गिव्हर्स या मदतसंस्थेसह अनेक नागरिकांनी अन्न आणि गरजेच्या वस्तू पुरवल्या. करोनाचा काळ असल्याने माणसांना एका सभागृहात दाटीवाटीने ठेवण्याचा नेहमीचा मार्गही बंद होता. या सगळ्यात एकाही विद्यार्थ्याचा जीव गेला नाही. माझ्या दृष्टीने प्रतिसादाचे मोजमाप येथून सुरू होते, क्रेटपासून नव्हे.

आणि एक शंका. स्वयंसेवकांच्या साखळीची छायाचित्रे फार सुंदर दिसतात. पण काजळी, बुरशी आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात विशीच्या मुलांना उतरवायचे, तेही हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय, हे आपल्याकडे सर्रास होते. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले उत्साहाने येतात आणि आठवडाभर खोकत बसतात. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पुस्तक वाचवण्याच्या आराखड्यात माणसाचे पान पहिले असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कागदकाम

आपला मुद्दा पूर्णतः मान्य. केपटाउनमध्ये साहित्य हाताळणाऱ्यांना संरक्षक साधने आणि आरंभी प्रशिक्षण दिले गेले होते, हे मी लिहायला हवे होते. प्रशिक्षण नसलेला स्वयंसेवक प्रेमाने पुस्तक उघडून पाहतो, आणि तेवढ्यात पान फाटते. ओले पुस्तक उघडू नये, दाबू नये, चिखल घासून काढू नये. कणा खाली करून क्रेटमध्ये सैलसर उभे ठेवावे, एवढे चार शब्द शिकवले तरी अर्धे नुकसान टळते.

खाडीकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. नोंदवहीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे आणि देवघेवीचा करार, ही दोन कामे मी या आठवड्यात सुरू करते. वसतिगृह ताई, माणसाचे पान पहिले येईल, याची खात्री बाळगा.

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. निर्वात कक्ष आमच्या स्वप्नातही नाही. मात्र आमच्या तालुक्यात मासळी आणि आंब्याच्या रसासाठी शीतगृहे आहेत. त्यांचा उपयोग होऊ शकेल का, की मी भलतेच विचारते आहे?

कागदकाम

मुळीच भलते नाही. जगभर हेच केले जाते. अन्नप्रक्रिया उद्योगाची शीतगृहे हा ग्रंथालयांचा जुना आधार आहे. आपल्याला फळे थंड ठेवणारी खोली नव्हे, तर उणे १८ अंश किंवा त्याहून खाली जाणारा, झपाट्याने गोठवणारा कक्ष हवा. सावकाश गोठल्यास बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि बांधणी उसवते. मासळीच्या कारखान्यात असा कक्ष बहुधा असतो. पुस्तके जाड प्लास्टिकमध्ये सैल गुंडाळून, क्रेटवर मांडणीचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावून पाठवा. काचेवरील जुनी छायाचित्रे मात्र कदापि गोठवू नका. नंतर दर आठवड्याला वीस-पंचवीस पुस्तके काढून, टीपकागद बदलत, पंख्याच्या अप्रत्यक्ष वाऱ्यावर वाळवता येतील. तीन माणसांना एवढे जमते.

फक्त मालकाशी बोलणे पूर ओसरल्यावर नको. मे उजाडण्यापूर्वीच भेटा, कारण मे महिनाभर त्यांच्याकडे आंब्याची गर्दी असते आणि मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैत, मासळीचे कक्ष बऱ्याचदा रिकामे असतात. आपला पूर नेमका त्याच दिवसांत येतो.

खाडीकाठ

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आमच्या शिपाईमामांचे मेहुणे अशाच एका कारखान्यात कामाला आहेत. शनिवारी त्यांच्यासोबत जाऊन येते आणि काय ठरले ते येथे कळवते.