जनुकशास्त्रातील नैतिक प्रश्न वर्गात कसे मांडावेत?

प्रश्न (जीवशास्त्र शिक्षिका):
उच्च माध्यमिक वर्गाला जनुकसंपादन (सजीवाच्या जनुकात हेतुपुरस्सर बदल करणे) शिकवून झाल्यावर मी ‘हे योग्य की अयोग्य’ अशी चर्चा ठेवते. चर्चा रंगते, पण थोड्याच वेळात ती ‘विज्ञान : शाप की वरदान’ या निबंधाच्या वळणावर जाते आणि आधी शिकवलेल्या जनुकशास्त्राचा तिच्यात मागमूसही उरत नाही. यावर काय करता येईल?

उत्तर १ (जनुकीय समुपदेशक):
माझ्या मते अडचण प्रश्नाच्या व्यापकपणात आहे. विद्यार्थ्यांपुढे एखादा निर्णय ठेवावा, आणि तो कोणी घ्यायचा हेही त्यांनाच ठरवू द्यावे. हंटिंग्टनच्या आजाराचे, म्हणजे मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, उदाहरण घ्या. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले. आईवडिलांपैकी एकाकडे सदोष प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि आजार बरा करणारा उपचार अद्याप नाही. समजा, एका तरुणाच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, हा आजार होता. आईला स्वतःविषयी काहीही जाणून घ्यायचे नाही; मुलाला मात्र लग्नापूर्वी चाचणी करून घ्यायची आहे. त्याच्यात दोष आढळला, तर आईने न मागितलेला तिचा निकालही त्याच क्षणी लागतो. न आढळल्यास तिच्याविषयी निश्चित काहीच सांगता येत नाही. ही विषमता वंशावळ काढल्याशिवाय ध्यानात येत नाही, त्यामुळे जनुकशास्त्र चर्चेतून निसटत नाही. मुलाचा जाणण्याचा हक्क आणि आईचा न जाणण्याचा हक्क यांवर वर्गाने नंतर हवे तेवढे भांडावे.

उत्तर २ (प्राध्यापक):
उदाहरण उत्तम आहे, परंतु केवळ कुटुंबातील पेच घेतल्यास संशोधकाची जबाबदारी बाजूला राहते. मी चिनी संशोधक हे जियानकुई (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांचे प्रकरण घेतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी भ्रूणावस्थेत सीसीआर५ जनुक (ज्याच्या प्रथिनाचा आधार घेऊन एचआयव्ही सहसा पेशीत शिरतो) संपादित केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. उद्देश एचआयव्हीपासून संरक्षणाचा असल्याचे सांगितले गेले. वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्राणू धुऊन (विषाणू असलेल्या वीर्यद्रवापासून वेगळे करून) केलेल्या कृत्रिम गर्भधारणेने अपत्याला होणारा संसर्ग टाळण्याचा मार्ग आधीच उपलब्ध होता. ‘मग हे संपादन नेमके कोणासाठी होते?’ एवढेच विचारून मी गप्प बसतो. (गप्प बसणे हे शिक्षकाला सर्वांत जड जाणारे काम आहे.) सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी संपादित करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली; भ्रूणातील बदलासारखा तो बदल पुढील पिढीत जात नाही. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली, की ‘जनुकसंपादन’ हा सरसकट शब्द विद्यार्थी आपणहून टाकून देतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
दोघांचेही आभार. वंशावळ शिकवताना मी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच कुटुंबाची काढायला सांगते. त्यालाच हे जोडावे का?

उत्तर १ (पुन्हा):
कृपया तसे करू नका. वर्गात एखादे मूल दत्तक असू शकते, एखाद्याच्या घरी आनुवंशिक आजार असू शकतो. रक्तगटाच्या प्रात्यक्षिकातही हाच धोका आहे: ओ आणि एबी गटाच्या पालकांचे अपत्य सामान्यतः ए किंवा बी गटाचे असते; मग अशा घरातील, स्वतःचा गट ओ निघालेल्या विद्यार्थ्याला सर्वांसमक्ष जो प्रश्न पडेल, त्याला त्याने संमती कधी दिली होती? काल्पनिक कुटुंबाची वंशावळ द्या. हवे तर ती का काल्पनिक आहे, हेच पहिल्या तासाला विचारा.