२६ मिनिटांच्या माहितीपटात निवेदन ठेवावे की नाही?

चैत्रपालवी

नमस्कार. पुण्यात पत्रकारितेचे शिक्षण घेतल्यानंतर स्वतंत्रपणे करत असलेला हा माझा पहिलाच माहितीपट आहे. विषय पुणे जिल्ह्यातील नारायणगावच्या राहुट्यांचा, म्हणजे तंबूंचा. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड तेथे आपापल्या राहुट्या उभारतात, गावोगावचे कारभारी जत्रेसाठी फड ठरवायला येतात आणि सुपारी कितीची, वग कोणता, कलावंत किती, यावर दिवसभर घासाघीस चालते. हे सर्व मी चित्रित केले आहे, आणि पुढे दोन फडांबरोबर जत्रांनाही गेले आहे.

आता हे सारे दूरचित्रवाणीच्या अर्ध्या तासाच्या चौकटीत, म्हणजे २६ मिनिटांत बसवायचे आहे. ज्यांना कच्चे संकलन दाखवले, त्यांपैकी बहुतेकांनी तमाशाचा इतिहास, थोर तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा वारसा आणि गण (गणेशवंदना), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), वगनाट्य (मुख्य नाट्य) यांची ओळख निवेदनातून करून द्यावी, असे सुचवले. माझा कल मात्र निवेदन अजिबात न ठेवण्याकडे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे. पहिलटकर दिग्दर्शकाचे काम दाखवले जाण्याचे मार्ग कोणते, हेही सांगितल्यास उपकार होतील.

संकलनमेज

निवेदनाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी मिनिटांचा हिशेब करू. एखादा प्रसंग प्रेक्षकाच्या मनात उभा राहायला दोन ते तीन मिनिटे लागतात. म्हणजे २६ मिनिटांत सुरुवातीची आणि शेवटची नामावली वगळता आठ-दहा प्रसंगांहून अधिक काही मावत नाही. राहुट्या, दोन फड, जत्रा, इतिहास आणि वारसा या सर्वांना एवढ्यात जागा द्यायची ठरवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक प्रसंग येईल आणि पाहणाऱ्याला सगळ्याची नुसती तोंडओळख होईल. नव्या दिग्दर्शकांच्या कामात मला हा दोष सर्वाधिक दिसतो: विषयावरचे प्रेम इतके असते की काहीच सोडवत नाही.

मी आपल्या जागी असतो, तर एकच सौदा धरला असता. एका गावचे चार-पाच कारभारी राहुटीत शिरतात, चहा येतो, गेल्या वर्षी पाऊस आल्याने खेळ अर्धवट राहिल्याची तक्रार निघते, फडमालक वही उघडतो, आकडा सांगितला जातो, मंडळी उठून बाहेर जातात, शेजारच्या राहुटीत डोकावतात आणि परत येतात. यात नाट्य आहे, आणि ते दिग्दर्शकाला रचावे लागत नाही. हा सौदा तीन-चार ठिकाणी तोडून त्यामध्ये फडाचे बाकीचे जीवन घाला: कलावंतांना दिलेली उचल, ट्रकमधला प्रवास, कनातीमागची रंगरंगोटी. सौदा ठरतो की फिसकटतो, ही उत्सुकता प्रेक्षकाला शेवटपर्यंत नेईल. इतिहासही त्या बोलण्यातच कुठेतरी सापडेल, कारण घासाघीस करताना फडमालक आपल्या आजीचे किंवा वडिलांचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. आपल्या चित्रीकरणात अशी वाक्ये नक्की असतील. ती शोधून काढा.

एक तांत्रिक सूचनाही करतो. मुख्य कॅमेरा सेकंदाला २५ चौकटींवर (फ्रेम) आणि मोबाइल त्याच्या नेहमीच्या ३० वर चालवला असेल, तर दोन्हींची सरमिसळ करताना हालचाल अडखळते. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० चौकटींच्या चित्रीकरणात ट्यूबलाइटचा प्रकाश लपलपताना दिसू शकतो. पुढे काही चित्रीकरण राहिले असेल, तर सर्वत्र २५ चौकटी आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा.

निवृत्त_निर्माता

संकलनमेज यांच्या एकाच सौद्याच्या सूचनेशी मी पूर्ण सहमत आहे. निवेदनाविषयी मात्र मला वेगळे वाटते.

आपल्याकडे नव्या दिग्दर्शकांना निवेदनाची जी शिसारी येते, तिचे मूळ फिल्म्स डिव्हिजनच्या काळात आहे. १९४८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचे वृत्तपट आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवणे सक्तीचे होते, आणि धरणे, खते, कुटुंबनियोजन असे सर्व काही सांगणारा तो भारदस्त आवाज प्रेक्षक शेंगदाणे खात सहन करत असत. परंतु त्याच संस्थेत साठच्या दशकात प्रमोद पती, एस. सुखदेव आणि एस. एन. एस. शास्त्री यांनी तो साचा मोडला, हे सोयीस्करपणे विसरले जाते. १९४७ साली जन्मलेल्या तरुण-तरुणींना शास्त्रींनी १९६७ मध्ये कॅमेऱ्यासमोर बोलते केले, तो माहितीपट आजही ताजा वाटतो, आणि त्यात सरकारी उपदेशाचा मागमूसही नाही. दोष निवेदनात नसून चित्रात दिसतेच आहे ते पुन्हा सांगण्याच्या सवयीत होता.

दूरचित्रवाणीचा प्रेक्षक आणि महोत्सवाचा प्रेक्षक यांत मोठा फरक आहे. महोत्सवात माणूस अंधारात पहिल्या चौकटीपासून बसलेला असतो, तर घरातला प्रेक्षक सहाव्या मिनिटाला वाहिनी बदलत येतो आणि मध्येच फोडणी पाहायला उठतो. त्याला ‘हे कोण आणि कशासाठी भांडत आहेत’ एवढे समजले नाही, तर तो पुढे जातो. म्हणून सल्ला असा की प्रथम निवेदनाशिवाय संकलन पूर्ण करा, तमाशाशी काहीही संबंध नसलेल्या तीन-चार माणसांना ते दाखवा आणि ते नेमके कोठे गोंधळतात एवढेच टिपा. ‘कसे वाटले?’ असे मुळीच विचारू नका. सगळे छानच म्हणतील. गोंधळाच्या त्या जागी एखादे वाक्य लिहा, आणि शक्य असल्यास ते स्वतःच्या आवाजात बोला. सबंध माहितीपटात अशी दहा-बारा वाक्ये पुरतात. गण-गौळणीची व्याख्या सांगू नका. गण चालू असताना पडद्यावर ‘गण’ एवढी दोन अक्षरे आली तरी काम होते.

दाखवण्याच्या मार्गांविषयी: दिल्लीची पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली, आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या सहकार्याने तिने स्वतंत्र दिग्दर्शकांकडून अर्ध्या तासाचे शेकडो माहितीपट करवून घेऊन दूरदर्शनवर दाखवले. त्यांत पहिलाच माहितीपट करणारे अनेक जण होते. अशा संस्था बहुधा तयार माहितीपट घेत नाहीत, तर प्रस्ताव मागवून निर्मितीला पैसे देतात; त्यामुळे आपल्यासाठी हा मार्ग पुढच्या विषयाचा समजा. हा माहितीपट पूर्ण झाला की मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाकडे जरूर पाठवा. १९९० पासून दर दोन वर्षांनी भरणारा हा महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांचाच आहे. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्यापासून तो महामंडळाकडे आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला होणारा माहितीपट व लघुपट महोत्सवही पाहण्यासारखा आहे. तेथील सामान्य प्रेक्षक ज्या हिरिरीने प्रश्न विचारतो, तशी हिरीर मला आपल्याकडे क्वचितच आढळली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य (नॉन-फीचर) विभागात पदार्पणातील दिग्दर्शकासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे, परंतु त्यासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

लीड्सकर

विषयाला धरून इंग्लंडमधील एक बाब सांगतो. येथे १९८२ मध्ये सुरू झालेली चॅनल फोर ही वाहिनी स्वतः कार्यक्रम न बनवता बाहेरच्या निर्मितीसंस्थांकडून ते घेत आली. नव्या दिग्दर्शकांसाठी तिने ‘थ्री मिनिट वंडर’ नावाने संध्याकाळच्या बातम्यांनंतर अवघ्या तीन मिनिटांच्या लघुपटांची जागा ठेवली होती, आणि पुढे ‘फर्स्ट कट’ या मालिकेत अर्ध्या तासाचे माहितीपट नव्यांकडे सोपवले. तीन मिनिटे, मग अर्धा तास, मग पूर्ण तास, अशी पायरी असल्याने दिग्दर्शकाला प्रत्येक टप्प्यावर चुकायला वाव मिळे आणि वाहिनीचेही फारसे पैसे बुडत नसत.

आपल्या वाहिन्यांवर ही पहिली पायरीच नाही, ही माझी खरी खंत आहे. म्हणून सुचवतो की २६ मिनिटांबरोबरच त्याच साहित्यातून केवळ राहुटीतल्या वहीवर तीन मिनिटांचा स्वतंत्र तुकडा तयार करा. तो काढताना मुख्य माहितीपटात काय अनावश्यक आहे, हेही आपोआप स्पष्ट होईल.

चैत्रपालवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका सौद्याभोवती मांडणी करण्याचे मी निश्चित केले आहे आणि सुदैवाने असा एक सौदा सलग चित्रित झालेला आहे. मात्र एक नवी अडचण लक्षात आली. जत्रेतल्या रंगबाजीत, म्हणजे गाण्या-नाचाच्या भागात, फडावर बहुतेक हिंदी-मराठी चित्रपटांतील गाणी सादर होतात, आणि माझी सर्वांत जिवंत दृश्ये तीच आहेत. ती ठेवता येतील का?

ध्वनिपट्टी

ही अडचण गंभीर आहे आणि प्रक्षेपणाच्या दाराशी पोहोचल्यावरच ती बहुतेकांना कळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पार्श्वभूमीला ओघाने येणाऱ्या गोष्टी चित्रपटात आल्यास जी सवलत दिली आहे, ती चित्रे, शिल्पे, वास्तू यांसारख्या कलाकृतींपुरती आहे. संगीताला ती लागू होत नाही. वाहिनी आपल्याकडून सर्व हक्क मोकळे असल्याचे लेखी घेते, म्हणजे गाण्याच्या कंपनीने हरकत घेतली तर जबाबदारी आपली. एका गाण्याची परवानगी मागून पाहण्यास हरकत नाही, पण सांगितलेली रक्कम ऐकून आपण बहुधा दुसरा विचार कराल.

व्यवहार्य उपाय असा की गण आणि गौळण यांतील पारंपरिक रचना पूर्ण ऐकवा, आणि रंगबाजीच्या वेळी कॅमेरा व ध्वनी दोन्ही कनातीच्या मागे न्या: कपडे बदलण्याची घाई, ढोलकीवाल्याचा घाम, तिकीट खिडकीवरची वादावादी. गाणे सुरू होण्यापूर्वीचा शिट्ट्यांचा कल्लोळ आणि संपल्यानंतरचा ‘वन्स मोअर’ ठेवला की मधले गाणे न ऐकवताही प्रेक्षकाला ते कळते. त्यासाठी प्रत्येक जागेचा नुसता वातावरणध्वनी वेगळा मुद्रित केलेला हवा. तो नसेल, तर यंदाच्या हंगामात एखाद्या जत्रेला केवळ ध्वनिमुद्रक घेऊन जा, आणि जनरेटरच्या ट्रकपासून लांब उभे राहा.

कलावंतांची संमतिपत्रे मराठीत लिहून घ्या व ती सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवा. फडमालकाने सर्वांच्या वतीने केलेली एक सही पुरेशी समजू नये. फडात काम करतो हे घरी सांगितलेले नसते, अशी माणसे या व्यवसायात आहेत. त्यांना नको असल्यास ते दृश्य कितीही चांगले असले तरी काढावेच लागेल.